कोळंबी, पाठदुखीची गोळी आणि मांडीतलं इंजेक्शन

प्रश्न थोडक्यात असा. नवरा, वय ४१, राहायला रत्नागिरी जिल्ह्यात. लहानपणापासून कोळंबी खातो, कधी काही झालं नाही. त्या रविवारी पाठ धरली होती म्हणून जेवणाआधी डायक्लोफेनॅकची गोळी घेतली. बहिणीकडे कोळंबीचं कालवण आणि भात जेवला. येताना स्कूटर बंद पडली, म्हणून ती दुपारच्या उन्हात ढकलत घरी आणली. दारात पोचेपर्यंत तळहात खाजायला लागले, मग अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, एक उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या डॉक्टरांनी कमरेत दोन इंजेक्शनं दिली, तासाभरात बरं वाटलं, घरी पाठवलं. रात्री दहाच्या सुमारास पुन्हा पित्त उठलं, छातीत घरघर झाली आणि पहाटेपर्यंत आपोआप ओसरली. आता तुमचे प्रश्न: हे परत होईल का, कोळंबी कायमची बंद का, घरात कुठलं औषध ठेवावं, अ‍ॅड्रिनॅलिनने हार्ट अटॅक येतो असं दीर सांगतात ते खरं का, आणि सहा वर्षांच्या मुलीला कोळंबी द्यावी का.

मी फिजिशियन आहे, प्रॅक्टिस कोकणातच. तुमच्या नवऱ्याला मी तपासलेलं नाही, तेव्हा पुढचं सगळं तुमच्या वर्णनावरून. पण वर्णन इतकं नेमकं आहे की निदानाबद्दल मला शंका नाही. हे अ‍ॅनाफिलॅक्सिस होतं, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी. ‘उन्हाचा त्रास झाला असेल’ असं कोणी म्हणालं असेल तर ते सोडून द्या. उन्हाने चक्कर येते, उलटी होते, पण अंगावर गांध्या उठून ओठ सुजत नाहीत आणि आवाज बसत नाही.

साधं पित्त उठणं आणि हे, यांतला फरक आधी पक्का करून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. नुसत्या अंगावर गांध्या आल्या, खाज सुटली, पण माणूस नीट बोलतोय, श्वास मोकळा आहे, उभा राहिला तर गरगरत नाही, तर ती त्वचेपुरती अ‍ॅलर्जी. तिथे आजीने आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडी पांघरली, एखादी सेटिरिझिनची गोळी दिली तरी बिघडत नाही. नजर मात्र ठेवायची. पण त्वचेसोबत दुसरी कुठलीही यंत्रणा बिघडायला लागली की खेळ बदलला. घसा आवळल्यासारखा होणं, आवाज घोगरा होणं, थांबता न थांबणारा खोकला, घरघर, गिळता न येणं. नाहीतर चक्कर, अंधारी, नाडी हाताला न लागणं. नाहीतर पोटात जोराचा मुरडा, उलट्या, अचानक शौचाला लागणं. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत त्वचा, घसा, पोट आणि रक्तदाब, चारही ठिकाणी एकाच वेळी गडबड झाली होती.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. दहा ते वीस टक्के रुग्णांच्या अंगावर काहीच उठत नाही. ज्याला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे हे ठाऊक आहे, त्याने तो चुकून खाल्ला आणि थोड्या वेळात त्याचा फक्त श्वास कोंडला किंवा तो फक्त कोसळला, तरी ते अ‍ॅनाफिलॅक्सिसच धरायचं. पुस्तकांतल्या फोटोंत गोऱ्या कातडीवर लालबुंद चट्टे दिसतात. आपल्या सावळ्या रंगावर लाली कळतच नाही पुष्कळदा. म्हणून रंग पाहत बसू नका. तळहात, तळपाय, कानाच्या पाळ्या खाजतात का ते विचारा, आणि माणूस ‘मला काहीतरी भयंकर होतंय’ असं म्हणत असेल तर ते घाबरटपणा म्हणून उडवून लावू नका. ती भीती हे या आजाराचं एक नोंदलेलं लक्षण आहे, आणि बऱ्याचदा रक्तदाब पडण्याच्या आधी येतं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. शरीराने कधीतरी कोळंबीतल्या एका प्रथिनाला शत्रू ठरवलेलं असतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केलेली असतात. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर जाऊन बसतात. मास्ट पेशी कुठे असतात? त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांभोवती आणि हृदयातही. म्हणून लक्षणं नेमकी तिथेच येतात. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं की या पेशी भरलेला दारूगोळा एकदम सोडतात: हिस्टामिन, ट्रिप्टेज, ल्यूकोट्रिन आणि अशी बरीच रसायनं. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात. तीव्र प्रतिक्रियेत पहिल्या दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा जवळपास ३५ टक्के भाग वाहिन्यांबाहेर ऊतींमध्ये जाऊ शकतो. रक्त कुठे सांडलेलं दिसत नाही, पण हृदयाकडे परत येणारं रक्तच आटतं. दुसरीकडे श्वासनलिका आवळतात आणि घसा सुजतो.

आता दिरांचा मुद्दा.

अ‍ॅड्रिनॅलिन हे अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचं पहिलं औषध आहे, आणि त्याच्या जागी दुसरं औषध नाही. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे रक्तदाब सावरतो आणि घशाची सूज उतरते. ते हृदयाला जोर देतं, श्वासनलिका उघडतं, आणि मास्ट पेशींमधून आणखी रसायनं सुटणं रोखतं. वर सांगितलेल्या प्रत्येक बिघाडावर त्याचा उलटा परिणाम आहे. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलिलिटरच्या अँप्यूलमधलं निम्मं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. लहान मुलांना वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच. औषध गेलं की हात थरथरतात, छाती धडधडते, चेहरा फिकट होतो, डोकं ठणकतं. दहा-वीस मिनिटांत ते ओसरतं. तो दुष्परिणाम नव्हे, औषध पोचल्याची खूण.

मग हार्ट अटॅकची भीती आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. एक, हृदय थांबलेल्या माणसाला शेवटच्या धडपडीत हेच औषध शिरेतून देतात. नातेवाइकांनी ते दारातून पाहिलेलं असतं, माणूस दगावतो, आणि ‘ते इंजेक्शन दिलं आणि गेला’ एवढंच लक्षात राहतं. दोन, शिरेतून एकदम मोठा डोस गेला तर हृदयाची लय खरोखर बिघडू शकते, आणि मोजमापाच्या गोंधळात असे प्रकार झालेले आहेत. पण मांडीच्या स्नायूत योग्य मापाने दिलेलं अ‍ॅड्रिनॅलिन ही वेगळी गोष्ट आहे. हृदयविकार असलेल्या माणसालाही अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ते द्यायचंच, कारण रक्तदाब पडून राहिला तर त्याच्या हृदयाला धोका जास्त. नाही द्यायचं असा एकही ठाम अपवाद वैद्यकात नाही. दिरांना हे जरूर वाचून दाखवा.

मांडीच का, हेही सांगतो, कारण कमरेत किंवा दंडात टोचण्याची आपली सवय जुनी आहे. १९९८ साली कॅनडात मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. स्नायूत, मांडीत दिलेलं औषध रक्तात सर्वाधिक पातळीला सरासरी ८ मिनिटांत पोचलं. त्वचेखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. आता याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवून पाहा. ब्रिटनमधल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा धांडोळा रिचर्ड पम्फ्री यांनी घेतला, तो २००० साली छापून आला. हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ खाण्यामुळे झालेल्या प्रतिक्रियेत ३० मिनिटं होता, दंशामुळे झालेल्यात १५, आणि शिरेतून दिलेल्या औषधांसारख्या वैद्यकीय कारणांत ५. म्हणजे ३४ मिनिटांनी पोचणारं औषध कोळंबीच्या रुग्णालाही उशिराचं, मधमाशी चावलेल्याला तर त्याहून.

तुमच्या नवऱ्याला कमरेत जी दोन इंजेक्शनं मिळाली ती बहुधा एव्हिल आणि डेक्सोना, किंवा एव्हिल आणि एफकॉर्लिन असणार. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात अ‍ॅलर्जी म्हटलं की हीच जोडगोळी बाहेर निघते. ती निरुपयोगी नाही. एव्हिलने खाज आणि गांध्या कमी होतात. पण ते घशाची सूज उतरवत नाही, पडलेला रक्तदाब उचलत नाही. आणि डेक्सोना, एफकॉर्लिन ही स्टेरॉइडं; स्टेरॉइडला काम सुरू करायलाच काही तास लागतात. तोपर्यंत निकाल लागून गेलेला असतो. या जोडीचा खरा घोटाळा असा, की बहुतेक रुग्ण तिच्यावर बरे झाल्यासारखे दिसतात, कारण बऱ्याच प्रतिक्रिया शरीराच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनॅलिनमुळे आपोआप आवरतात. श्रेय एव्हिलला जातं. मग ज्याची प्रतिक्रिया आवरणार नसते त्यालाही तेच दिलं जातं आणि वाट पाहिली जाते. तुमचे डॉक्टर निष्काळजी होते असं मला म्हणायचं नाही. ही आपल्या सगळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आणि ‘अ‍ॅड्रिनॅलिन दिलं आणि काही झालं तर लोक दवाखाना फोडतील’ ही भीतीही तिच्या मागे आहे.

गंमत अशी, की याच कोकणात अ‍ॅनाफिलॅक्सिस उत्तम हाताळणारे लोक आहेत, पण ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. फुरसं चावलेला माणूस आला की तिथे सर्पविषावरची लस लावतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे तिची प्रतिक्रिया येण्याचं प्रमाण मोठं आहे. सरावलेले वैद्यकीय अधिकारी सलाइनची बाटली चढवण्याआधीच अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवतात. श्रीलंकेत याच प्रश्नावर हजारभर सर्पदंश रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. लस लावण्याआधी त्वचेखाली थोडं अ‍ॅड्रिनॅलिन दिलं तर पहिल्या तासातल्या तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथॅझिन, म्हणजे आपल्या जोडगोळीचीच भावंडं, यांनी काही फरक पडला नाही. मला विचाराल तर एव्हिल-डेक्सोनावर विसंबणाऱ्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर हा निकाल लावावा.

(जाता जाता: इंजेक्शनआधी कातडीखाली थोडं औषध टोचून ‘टेस्ट डोस’ घेतला की निर्धास्त, हाही एक समज. टेस्ट चांगली आली तरी मुख्य डोसला प्रतिक्रिया येऊ शकते, आणि काहींना टेस्टच भोवते. इंजेक्शन देण्याच्या खोलीत अ‍ॅड्रिनॅलिन आहे का, हा प्रश्न त्याहून जास्त कामाचा.)

औषधाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट फुकट आहे: माणसाला आडवं करा. पाठीवर झोपवून पाय उशी-खुर्चीवर उंच. दम लागत असेल तर पाय पसरून टेकून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. आणि बरं वाटतंय म्हणून त्याला एकदम उठवू नका, बाथरूमपर्यंतसुद्धा चालवू नका. वर सांगितलं तसं हृदयाकडे परतणारं रक्त आधीच आटलेलं असतं. उभं केलं की उरलंसुरलं पायांत उतरतं आणि हृदय रिकामं धडधडतं. पम्फ्री यांनीच २००३ मध्ये दाखवून दिलं की काही मृत्यू रुग्णाला उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही क्षणांत झाले होते. आपल्याकडे काय होतं? दोघं जण काखेत हात घालून त्याला बाइकवर मधे बसवतात आणि दवाखाना गाठतात. कळतं, रिक्षा नाही, अँब्युलन्सला वेळ लागतो. तरी १०८ ला फोन करा, आणि न्यायचंच असेल तर कुणाच्या चारचाकीत मागच्या सीटवर आडवं करून न्या.

रात्री दहाला जे झालं ते दुसरं आवर्तन. साधारण वीसात एका रुग्णाला, पहिली लक्षणं पूर्ण शमल्यावर, नव्याने काही न खाता, परत होतं. बहुतेकदा पहिल्या दहा-बारा तासांत, क्वचित ७२ तासांपर्यंत. पहिल्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन मिळालं नाही किंवा उशिरा मिळालं तर याची शक्यता वाढते. म्हणून बरं वाटलं तरी निदान सहा तास दवाखान्यात ठेवावं असं माझं मत. दमा असेल, दोन डोस लागले असतील किंवा घर घाटावर-वाडीत लांब असेल तर रात्रभर. त्या रात्रीची घरघर आपोआप थांबली ते नशीब. पुढच्या वेळी त्या घटकेला निघायचं.

‘आजवर खात होता, मग आत्ताच का?’ हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. उत्तराचा धागा तुम्हीच दिलाय: गोळी आणि स्कूटर.

कोळंबीची अ‍ॅलर्जी मोठेपणी नव्याने होते हे काही नवल नाही. शेंगदाणा-अंड्याच्या अ‍ॅलर्जीपेक्षा ती मोठ्यांत जास्त दिसते. तिच्या मुळाशी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन असतं. ते शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि घरातल्या धुळीतल्या माइट कीटकांत आणि झुरळांतही त्याच्यासारखंच प्रथिन असतं. दमट हवेत वर्षानुवर्षं या दोघांच्या सहवासात राहिलेलं शरीर कधीतरी कोळंबीशीही वैर धरतं. तुमच्या नवऱ्याला सर्दी, शिंका, दमा आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते तज्ज्ञांना जरूर सांगा.

पण असं वैर अंगात असूनही पुष्कळांना रोजच्या खाण्यात काही होत नाही, उंबरठा ओलांडला जात नाही. तो उंबरठा खाली आणणाऱ्या काही गोष्टी आहेत: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या, खाल्ल्यानंतरचे कष्ट किंवा व्यायाम, दारू, अंगात ताप, काही स्त्रियांत मासिक पाळी. गोळी आणि कष्ट यांमुळे आतड्यातून प्रथिन जास्त प्रमाणात आणि जास्त वेगाने रक्तात जातं, शिवाय मास्ट पेशीही हळव्या होतात. गव्हाच्या बाबतीत तर हा प्रकार इतका ठरलेला आहे की माणूस चपाती खाऊन बसून राहिला तर काही नाही, आणि चपाती खाऊन धावायला गेला तर कोसळतो.

तेव्हा संशयित तीन. एकटी कोळंबी. एकटी गोळी, कारण या वेदनाशामकांची स्वतःचीही अशी प्रतिक्रिया येते. किंवा कोळंबी, गोळी आणि स्कूटर ढकलणं यांची युती. तुमच्या वर्णनावरून माझा कौल तिसऱ्याकडे झुकतो, पण कौलावर जेवण ठरवायचं नसतं. तपासण्या होईपर्यंत कोळंबी आणि तिचे भाऊबंद बंद, आणि या गटातल्या वेदनाशामक गोळ्याही बंद. पाठ दुखली तर पॅरासिटामॉल. ‘अर्धी कोळंबी खाऊन पाहतो, गोळी नाही घेतली आज’ हा प्रयोग घरी कदापि नको. तो करायचा झाला तर रुग्णालयात, शिरेत सुई लावून, अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून, हळूहळू वाढवत करतात.

भाऊबंद म्हणजे कोण, तर खेकडे-कुर्ल्या, शेवंड, करंदी, जवळा. आपल्या स्वयंपाकघरात खरा धोका अख्ख्या कोळंबीचा नाही, ती दिसते. धोका सुकटाच्या चटणीचा, वांग्यात किंवा पावट्यात घातलेल्या सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, जवळा घालून केलेल्या वड्यांचा, आणि खानावळीत ज्या तेलात आधी कोळंबी तळली त्याच तेलात तळलेल्या सुरमईचा. कोळंबी शिजताना उठणारी वाफही काहींना दम लावते, म्हणून त्यांना चुलीपाशी उभं करू नका. तिसऱ्या, कालवं, माकूल यांच्याशी संबंध काहींत असतो, काहींत नसतो, तूर्त टाळा. माशांचं प्रथिन मात्र वेगळं, त्यामुळे बांगडा, पापलेट, बोंबील आजवर पचत असतील तर ते बंद करायचं कारण नाही. कोकणी माणसाचं ताट उगाच रिकामं करू नये.

बांगड्यावरून एक सांगतो. बांगडा, कुपा असे मासे बर्फाविना तासन्‌तास राहिले तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. तो मासा खाल्ला की चेहरा लाल, अंगावर पित्त, डोकेदुखी, जुलाब, अगदी अ‍ॅलर्जीसारखंच. शिजवून ते हिस्टामिन जात नाही. पण तिथे पंगतीतल्या तिघा-चौघांना एकदम होतं आणि खाणाऱ्याला अ‍ॅलर्जी नसते. तुमच्याकडे बाकीचे ठणठणीत होते आणि खाल्ली कोळंबी होती, त्यामुळे हा प्रकार नव्हे. आणखी एक गैरसमज: कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडिनची अ‍ॅलर्जी, म्हणून सीटी स्कॅनचं इंजेक्शन चालणार नाही. दोघांचा काही संबंध नाही.

तपासण्यांबद्दल सावध राहा. ‘२०० पदार्थांची अ‍ॅलर्जी टेस्ट’ अशा जाहिराती पाहिल्या असतील. त्यांतल्या आयजीजी (आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं) मोजणाऱ्या टेस्ट अ‍ॅलर्जीच्या निदानाला कवडीच्या उपयोगाच्या नाहीत. तुम्ही काय खाता एवढंच त्या सांगतात. खरी आयजीईची टेस्टसुद्धा सरसकट केली तर दिशाभूल करते. बेंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असावी असे निघाले १.२ टक्के. म्हणजे यादी हातात घेऊन वांगं, डाळ, दूध सोडत बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण विनाकारण उपाशी राहतात. तुम्ही मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे जा, घटनेनंतर चार-सहा आठवड्यांनी. तो गोष्ट ऐकून मोजक्या संशयितांचीच त्वचेवर प्रिक टेस्ट करील. जाण्याआधी आठवडाभर सेटिरिझिन, एव्हिल वगैरे बंद ठेवावी लागतात; फोन करून विचारून घ्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅटेनोलॉल-मेटोप्रोलॉल चालू असेल तर आवर्जून सांगा. त्यावर असलेल्या माणसाला अ‍ॅड्रिनॅलिन कमी दाद देतं. पण ती गोळी स्वतःहून बंद करू नका.

आता घरात काय ठेवायचं. परदेशात पेनासारखं ऑटो-इंजेक्टर मिळतं, मांडीवर दाबलं की ठरलेला डोस जातो. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात मारायचा अ‍ॅड्रिनॅलिनचा फवाराही मंजूर झाला. आपल्याकडे पेन मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, मागवलं तर परवडेलच असं नाही. म्हणून मी माझ्या रुग्णांना चिठ्ठीवर साधी व्यवस्था लिहून देतो: अ‍ॅड्रिनॅलिनच्या दोन अँप्यूल, १ मिलिलिटरच्या दोन सिरिंज, इंचभर लांबीच्या सुया, आणि ०.५ वर पेनाने मारलेली खूण. इन्सुलिनची सिरिंज नको, तिची सुई आखूड, मांडीच्या स्नायूपर्यंत पोचत नाही. अँप्यूलवरचं नाव आणि मात्रा वाचायची सवय लावा. शेजारी दुसऱ्या औषधाच्या अगदी तशाच दिसणाऱ्या अँप्यूल ठेवू नका. उजेड आणि उष्णतेपासून दूर, स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीत कधीच नाही. द्रव गुलाबी-तपकिरी झाला किंवा तारीख उलटली की बदला.

हे तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्यांच्यासमोर करून शिकल्याशिवाय घरी आणू नका. तुम्ही शिका, नवरा शिकू द्या, दिरांनाही शिकवा. आक्षेप घेणाऱ्याच्या हातात सिरिंज दिली की तो सगळ्यात नीट शिकतो असा माझा अनुभव. अँप्यूल फोडून, नारळाच्या शेंडीत का होईना, पाण्याने दोन-चार वेळा सराव करा. प्रत्यक्ष वेळ आली तर पॅन्टवरून टोचलं तरी चालतं. आडवं करा, मांडीत द्या, वेळ लिहून ठेवा, १०८ लावा. एव्हिलची गोळी त्यानंतर, हवी तर. शंका असेल, ‘हे साधं पित्त की ते’ ठरत नसेल आणि श्वास किंवा भोवळ यांपैकी एकही असेल, तर द्या. नको असताना दिलेल्या एका डोसने निरोगी माणसाचं नुकसान सहसा होत नाही. औषध दिलं म्हणजे काम झालं असंही नाही; बरं वाटलं तरी दवाखाना गाठायचाच, कारण परिणाम ओसरतो आणि दुसरं आवर्तन बाकी असतं.

असा प्रसंग पुन्हा आलाच, तर दवाखान्यात गेल्यावर एक विनंती करा: निदान पक्कं करायला, शक्य असेल तर तासा-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी (मास्ट पेशींतून सुटणारं ते रसायन) रक्त घ्या. चार तासांनी त्याचा फारसा उपयोग राहत नाही. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत.

बाहेरचं खाताना पाकीट वाचा. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार कोळंबी-खेकड्यांचा गट, मासे, दूध, अंडं, शेंगदाणे आणि काजू-बदामांसारखी कवचफळं, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं आणि सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत, हे तिळाच्या अ‍ॅलर्जीवाल्यांनी संक्रांतीला लक्षात ठेवावं. पण तुमचा धोका पाकिटात कमी आणि बहिणीच्या, मावशीच्या प्रेमात जास्त. ‘थोडीशी खा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना नवऱ्याने स्वतः सांगितलं पाहिजे. तुम्ही सांगितलं तर तो सुनेचा नखरा ठरतो.

राहिली मुलगी. अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती घरात उतरते, पण वडिलांना कोळंबीची म्हणून मुलीला कोळंबीची असं गणित नाही. ती आजवर कोळंबी खात आली असेल आणि कधी ओठ, अंग, पोट, श्वास यांची तक्रार झाली नसेल, तर तिची बंद करू नका. खाता येणारा पदार्थ भीतीपोटी लांब ठेवला तर कधी कधी शरीर त्याची ओळख विसरतं आणि पुढे तोच बाधतो. तिची टेस्टही उगाच करू नका. आजीकडे, आत्याकडे गेली की तिथे खाऊ दे, हातातोंड साबणाने धुऊन घरी येऊ दे. तुमच्या घरच्या कढईत मात्र तूर्त कोळंबी नको.